मधले सात तास

अंजुमनं दोन्ही कागद काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले, आधी डावीकडचा वाचला, मग उजवीकडचा, आणि मान वर न करता विचारलं, "काका, मधात सामान कोण काढून देणार हाय तुमाला?"

प्रश्न साधा होता, पण विश्वंभरराव तोवर इतके खुशीत होते की तो त्यांना आधी ऐकूच आला नाही. हिंगोली आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत त्यांच्या हातून झालेलं एकमेव मोठं काम म्हणजे हे दोन कागद. हैदराबाद ते सिंगापूर एक तिकीट, सिंगापूर ते बाली दुसरं. दोन्ही मोबाइलवर, स्वतःच्या बोटानं, पुण्यातल्या लेकीला न विचारता काढलेली. अंजुमच्या दुकानात ते फक्त प्रिंट काढायला आले होते. तिचे वडील फारुकभाई उमऱ्याला जाणाऱ्यांना घेऊन वरचेवर सौदीला जातात आणि मागं तिकिटं, पासपोर्ट, व्हिसा हे सगळं ती एकटी निभावते, म्हणून तिनं आपले कागद बघावेत आणि तोंडभरून कौतुक करावं, एवढी माफक इच्छा मात्र त्यांच्या मनात होती.

"सामान?" ते म्हणाले. "उतरायचं, आपलं सामान घ्यायचं, दुसरं विमान धरायचं. सात तास ठेवले ना मधात. चहा होऊन वर एक झोप होईल."

"सामान घ्यायला बाहेर जावं लागते, काका. बाहेर म्हंजे सिंगापूर देशात. अन् तिथं पाय ठेवायचा तर व्हिसा पाह्यजे. एकच तिकीट असतं तर तुमची बॅग आपोआप फुडच्या विमानात गेली असती, तुमी आतल्या आत बसून राहिले असते. तुमी तर तुकडे केले."

आतल्या फॅनचा आवाज एकदम मोठा झाला. विश्वंभररावांनी खिशातला पेन काढला, कशासाठी ते त्यांनाच कळलं नाही, आणि परत ठेवला. अंजुम दोन रस्ते सांगत होती. व्हिसाचा अर्ज आजच टाकता येईल, पण आज शुक्रवार, मध्ये शनिवार-इतवार, आणि निघायचं गुरुवारी. येईल बी, न्हाई बी येणार. दुसरा रस्ता म्हणजे मोठी बॅग न्यायचीच नाही. हातात मावेल तेवढंच घ्यायचं, मग बाहेर पडायचं कामच नाही. "पुढचा बोर्डिंग पास मी इथूनच काढून देते. दोन्ही कंपन्यांना फोन लावून बराबर इचारून बी घेते. बालीचा व्हिसा तिथं उतरल्यावर भेटते, त्याचं टेन्शन न्हाई. बस, चाचीला सांगा, मोठी बॅग न्हाई."

"सांगतो," विश्वंभरराव म्हणाले, आणि दुकानाची पायरी उतरताना त्यांना वाटलं की आपण अत्यंत अवघड गोष्टीला अत्यंत सहज होकार देऊन बसलो.

तुकडे केले. रस्त्यानं चालताना तेच दोन शब्द त्यांच्या बरोबर चालत होते. अंजुमला काय माहीत, तुकडे करणं ही त्यांची आयुष्यभराची विद्या होती. साखऱ्यासारख्या आडगावात जन्मलेल्या माणसाला अखंड प्रवास असा माहीतच नसतो. फाट्यापर्यंत पायी, फाट्यावरून सेनगावपर्यंत जीपमध्ये अर्धं अंग आत अर्धं बाहेर, सेनगावहून एसटीनं हिंगोली, आणि हिंगोलीहून पुढं जग. लहानपणी त्यांना वाटायचं की जग असंच तुकड्यातुकड्यांचं बनवलंय आणि प्रत्येक सांध्यावर एक चहाची टपरी ठेवलीय. पुढं नियंत्रकाच्या काचेमागं बसल्यावर हीच समजूत त्यांनी शास्त्रापर्यंत चढवली. थेट गाडीची वाट बघत बसलेला प्रवासी दिसला की त्यांचा जीव तुटायचा. एकदा एक बाई, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू, वाशीमला दवाखान्यात जायचं म्हणून थेट गाडीसाठी थांबली होती. गाडी यायला दीड तास. विश्वंभररावांनी तिला कनेरगाव नाक्याच्या गाडीत बसवलं, नाक्यावर ओळखीच्या कंडक्टरला निरोप धाडला, आणि थेट गाडी हिंगोलीतून हलायच्या आत ती बाई वाशीमला पोचली. आठ दिवसांनी परत जाताना तिनं काचेतून लेकरू दाखवलं होतं. नुसतं उंच धरून दाखवलं. त्या दिवसापासून तुकड्यांवरचा त्यांचा विश्वास पक्का झाला. थेट जाणारा माणूस आळशी, तुकड्यानं जाणारा हुशार, असं ते खासगीत म्हणायचेही. बालीचं तिकीट काढताना मोबाइलनं एकसंध तिकिटंही दाखवली होती. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सिंगापूर हा त्यांना मोठा कनेरगाव नाकाच वाटला होता, हे आता भर बाजारात त्यांच्या लक्षात आलं, आणि एवढ्या काळजीतही त्यांना स्वतःशीच हसू फुटलं. हळदीची पोती उतरवणाऱ्या एका हमालानं वळून बघितलं.

हसू लगेच विरलं, कारण त्याच्या मागं नीलाबाईंचा चेहरा उभा होता. तो रागावलेला असता तर चाललं असतं. विश्वंभररावांना भीती होती ती तिच्या न रागावण्याची. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला किती वेळा कुठं नेतो म्हणून सांगितलं याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही, पण प्रत्येक वेळी काय झालं ते लख्ख आठवत होतं. वेरूळला जायचं ठरलं तेव्हा औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जादा गाड्या लागल्या. कोकणात जायचं ठरलं तेव्हा पोरीची दहावी. गोव्याच्या वेळी तर बॅगा भरल्या होत्या आणि सुट्टी रद्द झाल्याचा निरोप आला. प्रत्येक वेळी ते घरी येऊन चपला काढतानाच सांगायचे, आणि ती परातीत हात असेल तर परातीत, सुपात असेल तर सुपात, हात न थांबवता म्हणायची, "राहू द्या." दोनच शब्द. चिडणं नाही, डोळ्यात पाणी नाही. तेव्हा त्यांना ती फार समजूतदार बायको वाटायची आणि ते मित्रांना तसं सांगायचेही. निवृत्त झाल्यावर, दुपारभर घरात बसून तिला जवळून बघायला लागल्यावर, त्यांना हळूहळू कळलं की ते शब्द ती समजूतदारपणानं म्हणत नव्हती. आशा धरायचीच नाही हे तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि त्या शब्दांत तेवढंच होतं. हे कळलं त्या दिवशी ते फार अस्वस्थ झाले. रात्री जेवताना ते अचानक म्हणाले होते, "तुला कुठं जायचं? जगात कुठंबी सांग." ती बराच वेळ भाकरी मोडत राहिली आणि म्हणाली होती, "जिथं आपलं कोनीच न्हाई, तिथं." कारण ती आजवर गेली होती ती सगळी आपल्या माणसांकडे. नांदेडला नणंदेकडे बाळंतपणाला, परभणीला जावेच्या घरी तेराव्याला, पुण्याला लेकीकडे नातवाला सांभाळायला. जिथं गेली तिथं एक ओटा तिची वाट बघत होता.

पाय आपोआप स्टँडकडे वळले होते. विश्वंभरराव तिथल्या बाकावर जाऊन बसले, प्रवाशांच्या बाजूला. काचेमागं आता दुसरा माणूस होता आणि तो रिसोडची गाडी लागल्याचं पुकारत होता, जरा घाईनं, गावाचं नाव गिळत. एरवी त्यांनी मनात त्याला दोन शब्द सुनावले असते. आज त्यांना त्या माणसाऐवजी बाकावरचे लोक दिसत होते. एक म्हातारी पिशवीवर डोकं ठेवून झोपली होती. दोन पोरी एकाच मोबाइलमध्ये बघून हसत होत्या. एक धोतरवाला गृहस्थ कुठंच जाणार नव्हता. तो रोज येऊन इथं सावलीत बसायचा आणि शेवटची गाडी गेली की घरी जायचा, हे विश्वंभररावांना दहा वर्षांपासून माहीत होतं. ही सगळी माणसं आत्ता मध्ये होती, ना घरी ना पोचलेली, आणि त्यांना इथं मध्ये असण्याची परवानगी कुणी विचारत नव्हतं. सिंगापूरला मात्र मध्ये बसायचं तर एका दाराच्या आत बसायचं, आणि त्या दाराच्या बाहेर आपली बॅग पट्ट्यावर फिरत राहणार, गोल-गोल, कुणी उचलेपर्यंत. ते चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट आलं की त्यांनी मान दुसरीकडे वळवली. कारण त्या बॅगेत काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

जिथं आपलं कुणी नाही तिथं जायचं हे ठरवणारी बाई गेले पंधरा दिवस तिथल्या लोकांसाठी बॅग भरत होती. विश्वंभररावांनी बालीत राहायला जी खोली घेतली होती ती एका घरातली होती आणि मालकिणीचा फोटोही मोबाइलवर होता. गोल चेहऱ्याची, कानावर फूल खोचलेली, साधारण नीलाबाईंच्याच वयाची. तो फोटो दाखवला आणि घोटाळा झाला. बाईमाणसाच्या घरी पहिल्यांदा जायचं ते रिकाम्या हातानं कसं जायचं? मग कुरडया आल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली गेली, घरची हळद आली, ज्वारीचं पीठ आलं, आणि ओटी भरायला दोन ब्लाउजपीस आले, कारण मालकिणीला सासू असली तर. विश्वंभररावांनी चेष्टा केली होती, पण अडवलं नव्हतं. ती बॅग भरताना गुणगुणायची, हे त्यांनी चौतीस वर्षांत प्रथम ऐकलं होतं. ती बॅग काढून घ्यायची आणि वर पुन्हा प्रवासाचं नाव काढायचं, ते त्यांच्यानं कसं होणार होतं? आणि बॅग ठेवायची म्हटलं तर व्हिसा, आणि व्हिसा नाही आला तर गुरुवारी पुन्हा तिचे ते दोन शब्द. या वेळी जादा गाड्या नव्हत्या, दहावी नव्हती, सुट्टी रद्द करणारे साहेब नव्हते. या वेळी चूक पूर्णपणे त्यांची एकट्याची होती, स्वतःच्या बोटानं केलेली. ते उठले. बाकावरच्या म्हातारीची पिशवी सरकली होती, ती त्यांनी नीट लावली आणि घरचा रस्ता धरला.

नीलाबाई बैठकीत जमिनीवर बसल्या होत्या आणि बॅगेचं झाकण गुडघ्यानं दाबून चेन ओढत होत्या. "बरे आले," त्या म्हणाल्या. "उचलून बघा बरं. वीस किलोच्या आत हाय का?"

विश्वंभररावांनी बॅग उचलली. प्रवाशांची बोचकी तीस वर्षं डोळ्यांनी तोललेला माणूस होता तो. "अठरा," ते म्हणाले आणि खाली ठेवली. मग त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो काचेमागचाच होता. "असं आहे की, सिंगापूर येथे सामान ताब्यात घेण्यासाठी प्रवाशांना बाहेर जावं लागत असल्यामुळे..."

"अहो, स्टँडवर हाव का आपुन? नीट बोला."

मग ते नीट बोलले. खाली बसले, तिच्या समोर, आणि दोन तिकिटं, दार, पट्टा, व्हिसा, शनिवार-इतवार, सगळं सांगितलं. सांगताना ते जमिनीकडे बघत होते. नीलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे तुमी चुकले," त्या म्हणाल्या.

"व्हय. चुकलो."

"पुन्ना म्हना."

"काय?"

"आत्ता जे म्हनले ते. चौतीस वर्सांत पयल्यांदा ऐकून राहिले मी." आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं, बांगड्या वाजल्या, शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. विश्वंभररावांना वाईट वाटायला हवं होतं, पण तेही कसनुसं हसले. मग न ठरवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हास. पन राहू द्या म्हनू नको."

नीलाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, जरा वेळ, नवीन भाडेकरूकडे बघावं तसं. "काहून म्हनीन मी?" त्या म्हणाल्या. "तवा म्हनत व्हते, तवा तुमाला नोकरी व्हती, लेकरू व्हतं. आता साऱ्या गल्लीला सांगून बसले मी. शेजारची मिराबाई तर इचारून गेली, तिकडं साडी चालते का म्हनून. आता न्हाई गेलो तर मला इथं तोंड दाखवायला जागा न्हाई. दुसरा रस्ता काय म्हनली ती अंजुम?"

विश्वंभररावांची नजर बॅगेवर गेली आणि तिथंच राहिली. नीलाबाईंनी त्या नजरेच्या मागं पाहिलं.

"ही?"

त्यांनी मान हलवली. बाहेर भाजीवाला गवार, गवार म्हणत गेला आणि त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. नीलाबाईंनी बॅगेवर तळवा ठेवला. विश्वंभररावांना वाटलं, आता येणार, आता येणार ते दोन शब्द, आणि आले तर आपण काय करू हे त्यांना सुचेना. पायी जाऊ, असा एक खुळा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. साखऱ्याच्या फाट्यापर्यंत गेलो तसं बालीपर्यंत पायी जाऊ, मध्ये समुद्र लागला तर बघू.

"मी एक इचारते," नीलाबाई शेवटी म्हणाल्या, आणि आवाज जरा वेगळाच होता, स्वतःशीच बोलल्यासारखा. "तिथं आपलं कोनी न्हाई म्हनूनच चाल्लो ना आपुन?"

"व्हय."

"मंग हे मी कोनासाठी भरून राहिले?"

नीलाबाईंनी चेन उघडली. पहिली पिशवी काढताना त्यांचा हात जड होता, ते दिसत होतं. दुसरी त्यांनी जरा लवकर काढली. कुरडयांचा डबा, हळद, पीठ, चटणीच्या दोन बरण्या, सगळं एकेक करून सतरंजीवर मांडलं गेलं आणि बैठकीला हळदीचा वास सुटला. अर्धी बॅग झाल्यावर त्या गुणगुणायला लागल्या. कुरडया मिराबाईला, चटणी अंजुमच्या अम्मीला, पीठ आपल्यालाच, असं वाटप त्यांनी बसल्या जागी करून टाकलं. ब्लाउजपीस तेवढे त्यांनी पर्समध्ये घातले. त्याला काही वजन नसतं, त्या म्हणाल्या, आणि विश्वंभररावांनी वाद घातला नाही. शेवटी रिकाम्या बॅगेत हात फिरवून त्या म्हणाल्या, "चला. आता मला तिकडं कोनी सैपाक करा म्हनलं तरी जमायचं न्हाई." पुढच्या मंगळवारी चटणीची बरणी घेऊन त्या स्वतः अंजुमच्या दुकानात गेल्या. अंजुमनं दोन्ही कंपन्यांना विचारून ठेवलं होतं. बोर्डिंग पास तिनं निघायच्या आदल्या दिवशी काढले आणि नीलाबाईंच्याच हातात दिले, काकांच्या नाही.

सिंगापूरला ते सकाळी उतरले आणि त्या दाराच्या आत राहिले. दोघांच्या हातात एकेक छोटी पिशवी होती, बस. गालिचा इतका मऊ होता की विश्वंभररावांना आपली पावलं ऐकू येईनात आणि त्यानं ते बेचैन झाले. पुढच्या विमानाला सात तास होते. त्यांनी फलक शोधला, आपलं विमान शोधलं, वेळ बरोबर आहे हे पाहिलं, परत आले, दहा मिनिटांनी पुन्हा जाऊन पाहिलं. वरून कुणीतरी बाई कसल्या कसल्या गावांची नावं पुकारत होती, एकेक अक्षर सुटं, न गिळता. त्यांना तिचं कौतुक वाटलं. तरी मन ठिकाणावर नव्हतं. आपण हिला जग दाखवायला आणलं आणि सात तास एका खुर्चीवर बसवून ठेवलं, तेही स्वतःच्या हुशारीपायी. हे सात तास त्यांनीच निवडले होते, चहासाठी. चहाही इथं धड नव्हता. चौथ्यांदा फलक बघून ते परतले तेव्हा नीलाबाई चपला काढून, पाय वर घेऊन, खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या. समोरून सगळ्या रंगांची, सगळ्या उंचीची माणसं जात होती आणि एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्या जाणाऱ्या प्रत्येकाकडे निवांत बघत होत्या. तोंडात बडीशेप होती.

"लई येळ झाला ना?" विश्वंभरराव अपराधी आवाजात म्हणाले. "कटाळली असशील."

"आजून किती हाय?"

"चार तास."

नीलाबाईंनी बडीशेप चावली. पलीकडे एक बाई रडणाऱ्या लेकराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. नीलाबाईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली, जागच्या न हलता.

"सकाळपासून मला कोनी ऊठ म्हनलं न्हाई," त्या म्हणाल्या.

विश्वंभरराव पाचव्यांदा फलकाकडे निघाले होते. ते दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन तिच्याशेजारी बसले. मग त्यांनीही चपला काढल्या.